तुळसाक्कांची खुंटी

"...पण बुवा, घर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, तुम्हीच सांगा!"

रघुवीर शेडगे छाती फुगवून दारात उभा होता. महाबळेश्वरच्या वाटेवर त्यानं हे टुमदार घर बांधलं होतं, पाहुण्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्यानं द्यायला. सदूबुवांनी एकदा येऊन ते बघावं, एक रात्र राहावं, म्हणून तो कधीचा त्यांच्या मागे लागला होता.

बुवा फिरस्ते. रघुवीरची आई तुळसाक्का होती तोवर दरवर्षी तिच्याकडे मुक्कामाला यायचे. अंगणातून हाक घालायचे, "कुणी आहे का घरात?" आणि ती पिठाचे हात तसेच घेऊन धावायची. ती गेली आणि बुवांचं येणंही थांबलं. रघुवीरला ते फार लागलं होतं.

"घर असलं तर राहीन," एवढंच बुवा म्हणाले होते.

मग काय, रघुवीरला चेवच चढला.

"हे कुलूप बघा. आकडे दाबले की उघडतं. पाहुण्याला मोबाईलवर आकडे पाठवायचे, झालं! ना किल्लीचा घोळ, ना कुणाचं तोंड बघायचं."

"वा," बुवा म्हणाले. झोळी खांद्यावरच होती.

"आणि हॉटेलासारखं कोरडं नाही हं ठेवलं. हॉटेलं काय, इथं पैशाला पासरी. ही आमच्या आईची गोधडी. काच लावून भिंतीवर टांगलीय."

"थंडी वाजली तर?"

"हिटर आहे की!"

बुवांनी मान डोलावली. भिंतीभर खुंट्या होत्या. एकीवर सूप, एकीवर कंदील, एकीवर घोंगडं. सगळं झाडूनपुसून लख्ख. बुवांनी झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"पुण्यामुंबईची माणसं बघून वेडी होतात, बुवा. फोटोवर फोटो काढतात. आणि ही... ही ओळखलीत?"

समोरच्या भिंतीत एक जुनी सागवानी खुंटी होती. हात लागून लागून तिचं डोकं गुळगुळीत झालं होतं.

"आईची खुंटी! जुनं घर पाडलं तेव्हा गवंड्याला बजावलं, भिंत गेली खड्ड्यात, ही शाबूत निघाली पाहिजे."

खुंटीवर सोनेरी चौकट लटकत होती. 'तालुक्यातलं सर्वांत घरगुती निवासस्थान.' गेल्या वर्षीचं बक्षीस. रघुवीरनं ते बाहीनं पुसलं.

बुवांनी खुंटीकडे बोट केलं.

"तुळसाक्का हिच्यावर काय अडकवायची रे?"

रघुवीर हसला. "काय अडकवणार? काही नाही. मी एकदा दप्तर अडकवलं, तर पाठीत असा धपाटा बसला! म्हणाली, मेल्या, ती येणाऱ्याची खुंटी आहे, मोकळीच राहिली पाहिजे. मग तुम्ही आलात की तुमची..."

तो थांबला.

झोळी अजून बुवांच्या खांद्यावरच होती.

"खुंटी आणलीस," बुवा म्हणाले. "तिच्यावरचं 'काही नाही' कुठं राहिलं?"

रघुवीरचे कान तापले. एवढा जीव ओतला, एवढी हौस केली, आणि म्हाताऱ्याला दिसलं काय, तर हे!

"बुवा, बक्षीस आहे ते. मिरवायचंसुद्धा नाही का माणसानं?"

"मिरव की! तुझी आई काय कमी मिरवायची? अख्ख्या गावाला सांगत सुटायची, बुवा माझ्याकडं उतरलेत म्हणून."



रघुवीरला आईचं ते ताठ मानेनं पाण्याला जाणं आठवलं. दोन हंडे डोक्यावर, आणि चेहऱ्यावर काय तो रुबाब!

त्यानं चौकट उतरवली आणि गुपचूप टेबलाखाली सरकवली. मग दोन्ही हात पुढे केले.

"द्या बुवा, झोळी द्या."

बुवांनी झोळी दिली नाही. ते वळले, उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. कुलूप आपोआप लागलं.

रुसून निघाले की काय? रघुवीर दाराशी धावला आणि आतूनच ओरडला, "बुवा, थांबा! जाऊ नका! आकडे सांगतो, दाबा... सात, दोन..."

"आकडे नकोत रे..."

मग अंगणातून तीच जुनी, खणखणीत हाक आली.

"कुणी आहे का घरात?"