आडवे पडणारे आरसे

फार जुनी गोष्ट. एका उघड्या माळावरचं जळण संपलं. बोळक्या म्हाताऱ्या जनावरांना शिजलेले कंद मिळावेत म्हणून प्राण्यांनी टेकाडावर हंडा ठेवला आणि आरशांनी ऊन त्यावर फेकायचं ठरवलं. पण दुपारी भन्नाट वारा सुटे आणि आरसे उलथून फुटत.

साळिंदर मिस्त्री काटे फुलवून म्हणे, "खांब आणखी जाड करतो!" त्या जाड खांबांतच सगळं लोखंड संपलं. आरसे उभे राहिले चारच, आणि कंद कच्चेच राहिले.

टिटवी म्हणाली, "मिस्त्रीकाका, वाऱ्याशी कशाला भांडता? माझ्याकडे बघा." वारा येताच ती भुईला चिकटली. वारा वरून निघून गेला; तिचं पीसही हललं नाही.

मिस्त्रीने जाड खांब उपटले. मग त्याने एकेका खांबाचे दहा बारीक खांब केले आणि प्रत्येक आरशाला बिजागरी आणि तो उभा धरणारी दोरी लावली.

दुसऱ्या दुपारी वाऱ्याची चाहूल लागताच टिटवी ओरडली. प्राण्यांनी दोऱ्या सोडल्या, चाळीसही आरसे आडवे झाले. वारा गेल्यावर दोऱ्या ओढताच ते पुन्हा उभे राहिले आणि हंडा खदखदू लागला.

पहिला वाफाळता कंद मिस्त्रीने वाकून टिटवीपुढे ठेवला. त्या वेळी त्याचे सगळे काटे अंगाला चिकटलेले होते.