पुढचं उद्या

फार पूर्वी तळ्याकाठच्या चिंचेखाली साळुंकी रोज सासू-सुनेची गोष्ट सांगायची. एकदा शेजारीच दोन एडक्या भावांनी झुंज मांडली. ज्याच्याकडे गर्दी जास्त, त्याचीच चिंचेखालची जागा, असं म्हाताऱ्या म्हशीने ठरवलं.

घाबरून साळुंकीने गोष्टीतल्या सुनेला विहिरीत ढकललं आणि म्हणाली, "पुढचं उद्या!" सशांनी हंबरडा फोडला. सगळे तिच्याकडे वळले.

ते पाहून थोरल्या एडक्याने अडकलेली शिंगं सोडवली. "आमचंही पुढचं उद्या!"

"इथेही उद्या, तिथेही उद्या!" गर्दी वैतागून घरी गेली. मागे साळुंकी आणि थोरला एडका उरले.

"साळूताई, सून वाचते का गं?"

"मलाच ठाऊक नाही, दादा. तुमच्यात कोण जिंकतं?"

"धाकटा. सकाळीच ठरलंय."