बिनचेहऱ्याचा राजा आणि कादंबिनीची चित्रशाळा

एका राज्यात एक राजा होता. राजाला मुकुट होता, कानांत कुंडले होती, गळ्यात मोत्यांचा कंठा होता. चेहरा मात्र नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत सारे सपाट, जशी धुऊन ठेवलेली पाटी. तो बोले, पण ओठ दिसत नसत. तो पाही, पण डोळे दिसत नसत.

राजाचे नाव विमलसेन. तरुणपणी त्याच्या दरबारात कालदंष्ट्र नावाचा मांत्रिक आला होता. तो म्हणाला, "महाराज, तुमचे असे चित्र काढतो, की पाहील त्याची मान लवेल."

"मोल काय?"

"तुमच्या चेहऱ्यातले जे तुम्हांला नको, ते मला द्या."

राजाला वाटले, हे तर बरेच झाले. नाक बसके होते, दात पुढे होते, एका भुवईत पडल्याची खूण होती, डोळे बारीक होते. यातले काहीच त्याला नको होते. तो म्हणाला, "दिले." मांत्रिकाने नको ते सगळे घेतले, आणि मागे काहीच उरले नाही.

चित्र मात्र असे देखणे झाले, की लोकांनी तेच सिंहासनावर बसवले. चित्र हुकूम सोडी आणि प्रधान ते पाळीत. पण चित्राचे कान रंगवलेले होते, त्यामुळे त्याला कोणाचे काही ऐकू येत नसे. मोठ्या तळ्याचा बांध खचला, गावे पाण्याखाली गेली, लोक ओरडत दरबारात आले. चित्र नुसते हसत राहिले.

राणी सुमेधा रोज राजाचे पान वाढून वाट पाही. आणि सज्जात राजा समोरून आला, की चेहऱ्याविना ओळख न पटून पुढे निघून जाई.

मांत्रिक जाताना एवढे सांगून गेला होता, "कोणी तुमचा खरा चेहरा काढला, तर तो तुम्हांला परत मिळेल. जो खोटा काढील, त्याचाही जाईल." मोठमोठे चितारी आले. प्रत्येकाने राजाला शोभेलसा चेहरा काढला. आता तेही सपाट तोंडांनी वेशीबाहेरच्या धर्मशाळेत बसून असत.

त्याच राज्यात शाल्मली नावाची एक बाई गंजिफा या खेळाचे गोल पत्ते रंगवून पोट भरी. तिच्या पत्त्यांवर राजे पुष्कळ, पण सगळ्यांचे तोंड एकच. कमळाच्या पाकळीसारखे डोळे आणि चाफेकळी नाक. लहानपणी एकदा तिने आचार्या कादंबिनीने काढलेले एक चित्र पाहिले होते. चित्रात एक माळीण होती, बाकी काही नाही. पण शाल्मली दिवसभर विचारत राहिली होती, "हिला राग कशाचा आला असेल?" तेव्हापासून कादंबिनीचे नाव निघाले, की ती हात जोडी.

एका वसंतात बातमी आली, की कादंबिनीबाई सरोवरातल्या बेटावर चित्रशाळा भरवणार, आणि येईल त्याला माणसाचे तोंड काढायला शिकवणार. शाल्मलीने कुंचले बांधले आणि नणंदेला म्हणाली, "वन्सं, पत्ते तुम्ही सांभाळा. मी निघाले."

"कुठे?"

"माणसाचे तोंड काढायला शिकायला."

"इतकी वर्षे काढतेसच की!"

"ते राजाचे काढते, वन्सं. माणसाचे कुठे काढलेय?"

त्या बेटावर एक नवल होते. तिथल्या कागदावर जे खरे उतरे, ते जिवंत होई. खोटे असेल ते कितीही सुंदर असो, मुके राही.

शाल्मलीला वाटले होते, आचार्या उंच असतील, तेजस्वी असतील. समोर आली ती ठेंगणी बाई. केस घरट्यासारखे, पदराला गेरूचे डाग, तोंडात फुटाणे. शाल्मलीने पायांवर डोके ठेवले.

"ऊठ," कादंबिनी म्हणाली. "पाय पुढच्या वर्षी शिकवीन. सध्या तोंडाकडे बघ."

पहिले काम मिळाले ते असे. बेटावर आणणारा नावाडी झाडाखाली बसला होता. कादंबिनी म्हणाली, "याचा एक डोळा काढा. कागदावरच्या डोळ्याने पापणी मिटली पाहिजे."

शाल्मलीने झरझर पाकळी काढली. डोळा देखणा झाला आणि तसाच उघडा राहिला. "हा पत्त्यातला," कादंबिनी म्हणाली. "नावाड्याचा कुठे आहे?" मग शाल्मली नावाड्यासमोर मांडी घालून बसली. पाण्यावरचे ऊन सोसून त्याच्या पापण्या जाड झाल्या होत्या, कडेला सुरकुत्यांचे जाळे होते आणि बुबुळात तांबूस रेघा. हे आधी का दिसले नाही, याचे तिला राहून राहून आश्चर्य वाटले. तिने सुरकुती काढली, रेघा काढल्या. कागदावरच्या डोळ्याने पापणी मिटली आणि उघडली.

दुसरे काम साळुंकीचे. कादंबिनीची साळुंकी माणसासारखी बोले, पण क्षणभर एका जागी ठरत नसे. शाल्मली तिच्यामागे धावून धावून दमली. शेवटी विचारले, "बाई गं, तू थांबत का नाहीस?"

"थांबले तर मी साळुंकी कसली?" साळुंकी म्हणाली. "तूच थांब."

शाल्मली थांबली. कुंचला खाली ठेवून नुसती बघत बसली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तिने डोळे मिटले आणि मनात राहिले तेवढेच काढले. कागदातून आवाज आला, "शेपूट जरा आखूड झाली." साळुंकी जागी झाली होती.

तिसऱ्या कामाला कादंबिनी स्वतः समोर बसली. "आता माझे चित्र काढ."

शाल्मलीने जीव ओतला. कपाळावर तेज काढले, नजरेत माया काढली. कागद मुका राहिला.

"ही कोण?" कादंबिनीने विचारले.

"आपण, बाई."

"ही मला भेटली, तर मी नमस्कार करून लगेच निघून जाईन. पुन्हा बघ."

शाल्मली पुन्हा बघू लागली. आता भक्ती बाजूला झाली आणि कुतूहल पुढे आले. बाई कागद नाकाशी का धरतात? रंग ओळखताना आधी वास का घेतात? फुटाणे सांडले, तर चाचपून का वेचतात? मग तिला दिसले. कादंबिनीच्या दोन्ही बुबुळांवर दुधाळ पडदा धरला होता. शाल्मलीचा हात थांबला. हे झाकावे असे तिला फार वाटले. तरी तिने तो पडदा जसा होता तसा काढला.

चित्रातली कादंबिनी हळूच बोलली, "कोणाला सांगू नकोस."

खऱ्या कादंबिनीने कागद नाकाशी धरून पाहिला. मग म्हणाली, "बरोबर आले." पण तिचा आवाज ओला होता.

इतक्यात काठाला राजाची नाव लागली. बिनचेहऱ्याचा राजा उतरला आणि म्हणाला, "आचार्या, राज्यातले सारे चितारी संपले. आता तुम्हीच."

शिष्य मागे सरले. कादंबिनीने कुंचला उचलला. शाल्मलीने तिचे मनगट धरले.

"बाई, आपण नाही. मी बसते."

"चुकलीस तर?"

"चुकले, तर आपण मला आवाजावरून ओळखाल."

कादंबिनीने कुंचला तिच्या हातात दिला आणि तिच्या पाठीशी उभी राहिली.

शाल्मलीने राजाकडे पाहिले. पाहण्यासारखे तिथे काही नव्हते. मग ती म्हणाली, "महाराज, चिंच खाल्ली, की आपला कोणता डोळा आधी मिटतो?"

"हा काय प्रश्न झाला? चित्र काढ!"

"समोर काही दिसत नाही, म्हणून विचारते."

"मला ठाऊक नाही," राजा म्हणाला. आजवर त्याला असे कोणी काही विचारलेच नव्हते. साळुंकीने चिंचेचे बोटूक आणून टाकले. राजाने ते चोखले, आणि सपाट चामडीवर डावीकडे काहीतरी आक्रसले. शाल्मलीने तेवढीच आठी काढली, आठीखाली बारीक डोळा काढला, मग दुसरा. कागदावर पापण्या मिटल्या. राजाच्या तोंडावर डोळे उमटले.

"लहानपणी सगळीच पडतात. आपण कुठून पडला होतात?"

"हत्तीखान्याच्या भिंतीवरून. हत्तिणीला पिल्लू झाले होते, ते बघायला चढलो होतो."

"लागले म्हणून रडलात?"

"नाही. पिल्लू बघायचे राहिले म्हणून."

भुवया आल्या, भुवईतली खूण आली.

"आपल्याला पाहून हसले कोण?"

"राणी. अंतरपाट दूर झाला तेव्हा माझे दात पाहून हसली. मला फार राग आला."

"चेष्टेने हसली?"

राजाने तो क्षण पुन्हा आठवून पाहिला. "नाही," तो सावकाश म्हणाला. "तिचेही दात पुढे आहेत. तिला हायसे वाटले असेल." हे बोलताना ओठ उमटले, आणि ओठांबाहेर दात.

आता नाक तेवढे उरले. राजाने पाण्यात वाकून पाहिले आणि त्याचा जुना हव्यास जागा झाला. "नाक जरा सरळ काढ. कोणाला कळणार आहे? अर्धे राज्य देईन."

शाल्मलीला राज्य नको होते. पण वर्षानुवर्षांची हाताची सवय! कुंचला आपोआप वळला आणि चाफेकळीची रेघ ओढून बसला. तत्क्षणी तिच्या चेहऱ्याचा मध्यभाग गार पडला. तिने हात लावला. नाक नव्हते.

ती भ्याली. तिला वाटले, आता पळावे. मागे कादंबिनीचा श्वास ऐकू येत होता, एवढाच आधार.

"महाराज," ती म्हणाली, "मी आपली रेघ पुसते. पण आपले नाक आपल्याला हवे आहे, की नको?"

राजाने नाकाच्या जागी बोट फिरवले. वारा पडला.

"माझ्या आईचे नाक असेच होते," अखेर तो म्हणाला. "ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. हवे. मला हवे आहे."

शाल्मलीने खोटी रेघ पुसली आणि बसके, रुंद नाक काढले. कागदावरच्या राजाने खोल श्वास घेतला. समोरच्या राजानेही घेतला. शाल्मलीच्या नाकाला चिंचेचा वास आला, तेव्हा तिला कळले, की आपलेही परत आले.

तिकडे दरबारात सिंहासनावरच्या चित्राचे रंग भुकटी होऊन खाली गळले, नुसते कोरे कापड उरले. धर्मशाळेतल्या चिताऱ्यांना आपापली तोंडे मिळाली. ते एकमेकांना चिमटे काढून बघू लागले.

राजा म्हणाला, "शाल्मली, माग काय हवे ते."

"इथेच राहू द्या, महाराज. बाईंना दिसणार नाही ते मी बघून सांगेन."

"आणि मी तुझ्या चुका काढीन," कादंबिनी म्हणाली. "त्या अजून दिसतात मला."

राजा राजधानीत परतला. सिंहासनावर बसून त्याने आधी लोकांचे गाऱ्हाणे ऐकले, अगदी शेवटच्या माणसापर्यंत. त्याच दिवशी बांधावर माती पडू लागली. दमून भागून तो सज्जातून चालला असता समोरून राणी सुमेधा आली, आणि नेहमीच्या सवयीने त्याच्या बाजूने पुढे गेली.

मग थांबली. वळली. जवळ येऊन निरखून म्हणाली, "आज चेहरा उतरलेला दिसतो. सकाळपासून काही खाल्ले नाही वाटते?"

चेहरा उतरलेला! राजाला हसू फुटले, आणि हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या. राणीने पदराने त्याचे तोंड पुसले. आधी डोळे, मग ते बसके नाक. आणि त्याचे दात पाहून पुन्हा एकदा हसली.

त्याला त्याचे तोंड मिळाले. ज्याचे त्याला मिळो, ऐकणाऱ्याला आरसा गोड लागो.