गुडघाभर

त्या राज्यात नदी एकच होती आणि ती किती उरली आहे हे सांगण्याचे काम बगळ्याकडे होते.

रीत जुनी होती. हिवाळा सरला की बगळ्याने उतारावर, म्हणजे नदी सगळ्यांत उथळ होती तिथे, काळ्या दगडावर उभे राहायचे आणि पाणी पायाला कुठवर लागते ते ओरडून सांगायचे. गुडघाभर असले, तर प्रत्येक म्हशीला बांध घालून स्वतःसाठी एक नवे डबके अडवता येई. कमी असले, तर कोणीही चिखलाला शिंग लावायचे नाही.

पूर्वी हे निभून जाई. अलीकडे मात्र पावसाचे तंत्र बिघडले होते. चार महिने सावकाश पडणारा पाऊस चार दिवसांत धो धो कोसळून निघून जाई, आणि ऊन लवकर येऊन हटवादी पाहुण्यासारखे मुक्काम वाढवी. म्हशींची कातडी भाजे. बिचाऱ्या करणार काय? त्या आणखी डबकी मागत.

एका वर्षी बगळ्याने खरे ते सांगितले, "गुडघ्याच्या खाली." म्हशींनी त्याच्याकडे असे पाहिले, जणू पाणी त्यानेच पिऊन टाकले होते. भुरी नावाच्या थोरल्या म्हशीने तर त्याला पाठीवरून झटकले. आणि बगळ्याचे बसणे-खाणे सारे म्हशीच्या पाठीवर. पुढल्या वर्षी तो काळ्या दगडावरून दोन पावले खोलात सरकला. त्याच्या पुढल्या वर्षी चार. यंदा तो थेट खालच्या डोहाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "गुडघाभर!" पाणी त्याच्या गुडघ्याला लागत होते, हे तर खरेच.

संध्याकाळपर्यंत वरच्या अंगाला नवे बांध उभे राहिले. डोहात अंड्यांनी जडावलेल्या एका मासोळीनेही ती आरोळी ऐकली होती. अंडी घालायची ती उताराच्या वर, गोट्यांमध्ये. डोहाच्या गाळात ती गुदमरून मरतात. मासोळी सकाळी निघाली आणि काळ्या दगडाशी अडकली. तिचे कल्लेसुद्धा भिजेनात.

तडफड ऐकून बगळा आला. चोच उघडणार, तोच मासोळी म्हणाली, "तुम्ही गुडघाभर म्हणालात, म्हणून निघाले हो."

घास समोर असताना बगळ्याची भूक मेली. त्याला भयंकर लाज वाटली. तो उडाला तो थेट भुरीच्या बांधावर जाऊन उतरला.

"भुरीबाई, बांध फोडा! उतारावर पाणी नाही."

"अरे, काल तर गुडघाभर म्हणालास!"

"काल मी दुसरीकडे उभा होतो."

भुरी "मेल्या!" एवढेच म्हणाली आणि स्वतःच्या बांधात शिंगे खुपसली. पाणी सुटले, खालच्या शेजारणीच्या डबक्यात शिरले आणि तिथेच थांबले.

"माझा कशाला फोडू?" शेजारीण म्हणाली. "मला आत्ता कुठे बरं वाटतंय."

"मलाही वाटत होतं गं," भुरी म्हणाली. तिच्या अंगावरचा चिखल उन्हात तडकू लागला होता. शेजारणीने तो पाहिला, दोनदा फुरफुरली आणि उठली. मग तिसरी उठली, कुरकुरत चौथी.

उतारावर आधी पाचोळा आला, मग फेस, आणि मग पाणी. ते जेमतेम घोटाभर होते. पण मासोळीचे कल्ले भिजले, तिने शेपटी आपटली आणि ती दगडापलीकडे गेली. बगळ्याने हुश्श केले, आणि त्या काठावर इतके मोकळे कोणालाच कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

त्या उन्हाळ्यात सगळ्या म्हशी वरच्या एकाच डोहात बसल्या. पाठीला पाठ लागे. दिवसभर "जरा सरक की गं" चाले.

एका दुपारी भुरीच्या पायाला गुदगुल्या झाल्या. तिने वाकून पाहिले. मासोळीची नखाएवढी पिल्ले तिच्या खुराभोवती जमून तिथला चिखल टिपत होती. इतक्यात एक गोमाशी तिच्या मांडीला कडकडून चावली. भुरीने कान हलवले, शेपूट हलवले, डोळे गच्च मिटले. पाय मात्र तिने हलवला नाही.