कुलगुरूंच्या फाटकापाशी

विद्यापीठाच्या त्या जुन्या शहरात रेवती तांबवेकर दर रविवारी लोकांना कवींची घरं दाखवत हिंडायची. रिवाज एकच. ज्या दारी थांबायचं, तिथल्या कवीची ओळ मंडळींपैकी कुणीतरी पाठ म्हणायची. मग काय, नुसती चढाओढ! मागच्याने सुरू केलेली ओळ पुढचा हिसकावून पुरी करायचा.

कुलगुरू देवस्थळीही कविता करत. त्यांनी फर्मावलं, "माझ्या बंगल्यापाशीही थांबा, नाहीतर विद्यापीठाच्या आवारात पाऊल ठेवू देणार नाही." निम्मी घरं आवारातच होती. रेवती निमूटपणे हो म्हणाली.

रविवारी कुलगुरू रेशमी झब्बा घालून फाटकात उभेच होते.

"हं, म्हणा कुणीतरी," रेवती म्हणाली.

इतका वेळ कलकलाट करणारी मंडळी चिडीचूप झाली. कुणी बोगनवेल न्याहाळू लागलं, कुणी चपलेचा पट्टा.

कुलगुरू खाकरले. "मीच म्हणतो."

"अवश्य म्हणा, सर," रेवती अदबीने म्हणाली. "आजवर या फेरीत एकाही कवीला त्यासाठी स्वतः बाहेर यावं लागलं नव्हतं. हा मान तुमचाच."

सोमवारी सकाळीच कुलगुरूंचा निरोप आला: आवारात खुशाल फिरा, माझ्या दारी मात्र थांबू नका.