तळ्याला पाणी घालणारा हाल्वोर

फार वर्षांपूर्वी, अमेरिकेच्या उत्तर भागात, जिथे नजर अडवायला एक झाडही नव्हतं अशा सपाट माळावर, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांनी एक गाव वसवलं. गावाचं नाव वेस्तली. हाल्वोर तिथे आला तेव्हा आईच्या कडेवर होता. गवताळ मातीची ढेकळं रचून बांधलेल्या घरात तो वाढला आणि चालायला लागला त्याच वर्षी त्यानं नांगर धरला, असं म्हणतात. आता रांगणं नुकतंच सोडलेलं पोर नांगर काय धरणार? पण सांगणाऱ्याचं तोंड कोणी धरायचं!

तिथे एक मोठं तळं होतं. गाव होतं तळ्याच्या पश्चिमेला आणि चर्च पूर्वेला. पहिली माणसं पूर्वेच्या काठावर उतरली होती. त्यांनी आधी चर्च बांधलं, मग चांगली जमीन पलीकडे सापडली म्हणून सगळी तिकडे गेली. चर्च आणि पाद्री मागे राहिले. उन्हाळ्यात लोक होडीनं जात, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून चालत. पण हिवाळा सरून बर्फ फुटायला लागला की होडीही चालेना आणि पाऊलही टाकवेना. काठानं जावं तर दलदल. त्या दिवसांत कोणी मेलं तर त्याच्यासाठी ना घंटा वाजायची ना प्रार्थना व्हायची.

हाल्वोरची बायको बेर्गित नेमकी त्याच दिवसांत गेली. लोकांनी तिला शेताच्या टोकाला पुरलं. मुलगी रग्ना तेव्हा लग्नाच्या वयाची होती. आईला मुक्यानं मातीत घातलं, हे तिच्या जिवाला फार लागलं. बाप दिवसभर काठावर उभा राहून पलीकडच्या मनोऱ्याकडे बघत होता. संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "रग्ना, आपल्याला तिकडे जाता येत नाही ना? मग चर्चच इकडे आणायचं."

गावाची बैठक बसली. म्हातारा ओसमुंड गावात सगळ्यांचा कारभारी, चर्चच्या अर्ध्या तुळया त्यानंच दिलेल्या. त्यानं विचारलं, आणि तळ्यात बुडालं तर? हाल्वोर म्हणाला, बुडालं तर माझं शेत विकून नवं बांधा, मी मुलीला घेऊन गाव सोडतो. बैठकीनं होकार दिला.

पुढच्या हिवाळ्यात तळं गोठलं आणि हाल्वोर कामाला लागला. बर्फाला भोक पाडायचं, खालचं पाणी बादलीनं उपसायचं आणि चर्च जिथून न्यायचं त्या वाटेवर ओतायचं. थर गोठला की वर दुसरा. रग्ना त्याच्या जोडीला. लोक खिदळायचे, हाल्वोर तळ्याला पाणी घालतोय, आता पीक काय घेणार म्हणून विचारायचे. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून बापलेक पाणी ओतत राहिले. शेवटी ती वाट एवढी जाड झाली की तिच्यावर कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडच बोथट व्हायची, असं म्हणतात.

मग एके सकाळी चर्च पायावरून उचलून लांब तुळयांवर बसवलं, पुढे घोडे जुंपले आणि चर्च निघालं. अर्धं तळं ओलांडलं आणि दक्षिणेकडून ऊबदार वारा सुटला. अवेळी, आगाऊ वारा! बर्फावर पाणी दिसायला लागलं. घोडे थबकले, कान टवकारून उभे राहिले, काही केल्या पाऊल उचलेनात. जनावराला माणसाआधी कळतं. हाल्वोरनं घोडे सोडून दिले आणि लांबच लांब दोर पसरला. सगळं गाव दोराला लागलं, ओसमुंडसुद्धा. रग्ना सगळ्यांच्या पुढे होती.

आता ओढायचं म्हणजे गाणं हवं. भजन सगळ्यांना एकच येत होतं, पण चाली दोन. नॉर्वेतल्या डोंगराकडून आलेले लोक ते संथ म्हणत, खाडीकडून आलेले भरभर. यावरून दोन्हीकडचे एकमेकांना पाण्यात पाहत. हाल्वोर डोंगराकडचा, बेर्गित खाडीकडची. गाईची धार काढतानाही त्यांचं यावरून वाजायचं. पण त्या दिवशी प्रसंग ओळखून सगळे शहाण्यासारखे वागले आणि सगळ्यांनी मिळून डोंगराकडची चाल धरली. गावाचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेच मुळावर आलं.

चाल एक, म्हणून पाऊल एक. सगळ्या गावाचा पाय एकदम पडायला लागला आणि खालचा बर्फ पाळण्यासारखा हलायला लागला. गडगडाट झाला. एक भेग सळसळत दोराखालून गेली. हाल्वोर बर्फावर आडवा पडला, कान लावून ऐकलं आणि उठून ओरडला, "एका चालीत गाऊ नका! ज्यानं त्यानं आपापली चाल म्हणा."

माणसं बावचळली. तेवढ्यात रग्नाला मागून आईची चाल ऐकू आली. बाप गात होता. ज्या चालीला त्यानं घरात कधी बरं म्हटलं नाही, ती तो घोगऱ्या आवाजात, चुकत चुकत, पण छाती फोडून म्हणत होता. रग्नाला रडू कोसळलं. रडतच तिनं बापाची चाल धरली. मग काय विचारता! निम्मं गाव संथ, निम्मं भरभर, पाय कुणाचे कुठेही पडताहेत, सुराचा काही पत्ता नाही. तळ्याच्या अंगाची थरथर थांबली आणि चर्च पुन्हा हललं. मनोऱ्यातली घंटा कोणी न ओढता वाजायला लागली. तळ्यातले सगळे मासे गोळा झाले आणि त्यांनी पाठीनं बर्फ उचलून धरला, असं म्हणतात. ते खरं असेल नसेल. चर्च पश्चिमेच्या काठाला लागलं आणि त्याच्या मागे सगळं तळं फुटलं, हे मात्र अगदी खरं.

ओसमुंडनं डोक्यावरची टोपी काढली आणि घंटेचा दोर हाल्वोरच्या हातात दिला. हाल्वोरनं बेर्गितसाठी घंटा वाजवली. अंधार पडेपर्यंत वाजवत राहिला, कोणी त्याला थांबवलं नाही.

त्या गावात अजून रीत आहे. बर्फ फुटायच्या दिवसांत कोणी गेलं तर शवपेटी मोटारीत घालत नाहीत, घोडेही जुंपत नाहीत. तिला लांब दोर बांधतात आणि सगळं गाव ती चर्चपर्यंत ओढत नेतं. भजन दोन्ही चालींत एकदम म्हणतात. नवा पाद्री आला की कानांवर हात ठेवतो, सगळ्यांना एक चाल शिकवू का विचारतो. लोक त्याला सांगतात, हाल्वोरची आज्ञा आहे.

रग्ना पिकल्या केसांची होऊन गेली, तीही त्याच दिवसांत. तळं फुटत होतं आणि घंटा दोन्ही काठांवर ऐकू येत होती. दोर धरायला इतकी माणसं आली की पुढची चर्चच्या दारात पोचली, तेव्हा मागची अजून तिच्या अंगणात गात होती.