साहेबांच्या घरी जाणारं पाकीट

फक्त प्रौढांसाठी असलेल्या एका वेबसाइटच्या कचेरीत केतकी कागदपत्रं सांभाळायची. चित्रफितीतली प्रत्येक बाई सज्ञान असल्याचा पुरावा, खऱ्या नावपत्त्यासकट, तपासणीसाठी तयार ठेवायचा असा सरकारी नियमच होता.

एके दुपारी तपासणी अधिकारी टोणगावकर दाणकन दार ढकलून आत आले. केतकीचा चहा टेबलभर सांडला.

"सगळ्या बायकांच्या फाइली द्या. घरी नेऊन निवांत बघतो!"

केतकी फाइलींच्या कपाटापुढे उभी राहिली. पत्ते बाहेर फुटले, तर त्या बायकांना राहत्या गल्लीत जगणं मुश्कील होणार.

"साहेब, फाइली इथंच बघायच्या असतात..."

"मला नियम शिकवता? कुलूप ठोकीन!"

"नको, नको! घरीच पाठवते की, रजिस्टर पोस्टानं," केतकी घाईघाईनं म्हणाली. "फक्त तुमच्याच नियमाप्रमाणे पाकिटावर ठळक लिहावं लागतं, 'प्रौढ चित्रफितींतल्या बायकांचे पत्ते, टोणगावकर साहेबांच्या मागणीवरून.' दुपारी सही करून घ्यायला वहिनी घरी असतात ना?"

साहेबांनी खुर्ची ओढली, घाम पुसला.

"इथंच बघतो. जन्मतारखा तेवढ्या दाखवा, आणि पत्त्यांवर... पत्त्यांवर तुम्हीच हात ठेवा, बाई!"